भिंत खरवडण्याआधी विचारलं असतंत तर

प्रति,
व्यवस्थापन आणि कार्यक्रम विभाग,
मुंबईतलं एक गिगचं (म्हणजे बँडच्या कार्यक्रमांचं) ठिकाण

(नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथे ज्यांनी कान बधिर करून घेतलेत त्यांना कळेल, बाकीच्यांचं नावावाचून अडणार नाही.)

नमस्कार.

गेल्या आठवड्यात बँडवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुमचा निरोप आला. पुढच्या महिन्यापासून आवारात कागदी पोस्टर लावायचं नाही. प्रत्येक गिगचं ‘क्रिएटिव्ह’ तुमची मार्केटिंगची मंडळी ठरलेल्या टेम्प्लेटमध्ये करतील आणि ते दाराजवळच्या एलईडी स्क्रीनवर फिरेल. बाथरूमकडे जाणाऱ्या बोळातली पोस्टरची भिंत साफ करून पांढरी करणार. ‘कुणाला काही हवं असल्यास’ रविवारपर्यंत घेऊन जावं. शेवटी जोडलेले हात.

रविवारी दुपारी आम्ही काहीजण पोचलो तर डावीकडची निम्मी भिंत खरवडून झालेली. खाली सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत ओला कागद कोंबून ठेवला होता. खरवडणाऱ्या दोघांची काही चूक नाही, त्यांना शनिवारीच काम उरकायला सांगितलं होतं. उलट त्यांच्यातल्या एकाने आम्हाला बघून हात थांबवला आणि कोपऱ्यातला एक मोठा पापुद्रा पाण्याने भिजवून भिजवून अख्खा सोडवून दिला. हातात घेतला तर पुठ्ठ्याइतका जाड. कडेने बघितलं की थर दिसत होते. वर गेल्या पावसाळ्यातल्या गिगचा निळा, त्याखाली खाकी क्राफ्ट पेपर, त्याखाली झेरॉक्सचा काळा, आणि सगळ्यात खाली लॉकडाऊनच्या आधीचा गुलाबी पतंगाचा कागद. त्या गुलाबी पोस्टरवरचा बँड आज अस्तित्वात नाही. त्यांचं एकही गाणं नीट रेकॉर्ड झालेलं नाही. ते वाजवायचे याचा पुरावा म्हणजे तो पापुद्रा.

हे पत्र त्या गोण्यांमुळे लिहितोय. ‘फोन केला असतात तर मिटलं असतं,’ असं तुमच्यातले एकजण नंतर म्हणाले. मिटलं असतं म्हणजे चहा झाला असता, ‘बघू’ झालं असतं आणि सोमवारी उरलेली भिंतही पांढरी झाली असती. म्हणून चारचौघांत लिहितो.

मी कोण ते सांगतो. गिरगावात खाडिलकर रोडवर लग्नपत्रिकांची दुकानं आहेत. मुंबईत ज्याच्या घरी लग्न निघालं तो एकदा तरी तिथे जाऊन आलेला असतो. दुकानात पंखा, गादी, कोल्ड्रिंक आणि नमुन्यांचे आल्बम. छपाई चालायची ती मागच्या इमारतींतल्या पोटमाळ्यांवर. माझे मामा तिथे स्क्रीन प्रिंटिंग करायचे. लाल कार्डावर सोनेरी गणपती, खाली ‘चि. सौ. कां.’, मग दोन्हीकडच्या आजोबांची नावं. दहावीच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे स्क्वीजी, म्हणजे जाळीवरून शाई ओढायची रबरी पट्टी, ओढायला शिकलो. पुढे कॉलेजात मित्राच्या बँडला पोस्टर हवं होतं, पैसे नव्हते, आणि मामांचं टेबल रात्री रिकामं असायचं. एवढ्यावर सुरुवात झाली.

तेव्हापासून या शहरात पंक रॉक, त्याचाच जास्त आक्रमक प्रकार हार्डकोर आणि त्याच्या आसपास जे काही वाजतं, त्यातली बरीचशी पोस्टरं मी आणि माझ्यासारख्या मूठभर लोकांनी केली आहेत. आमच्यात जे. जे.ला उपयोजित कला शिकलेली एक मुलगी आहे, सहकारी बँकेतला एक कॅशियर आहे, एक ड्रमर आहे जो स्वतःच्या बँडचं सोडून सगळ्यांची पोस्टरं वेळेवर करतो. पैसे जवळपास कुणालाच मिळालेले नाहीत. मागितलेही नव्हते. मुंबईतला पंक काही फार मोठा पसारा नाही. द रायट पेडलर्स, द लाइटइयर्स एक्स्प्लोड अशी बँडांची नावं ज्यांच्या तोंडी असतात ते एकमेकांना निदान तोंडओळखीने ओळखतात. धोबी तलावच्या रंगभवन या खुल्या नाट्यगृहाचा आवाज शांतता क्षेत्राच्या नियमाखाली बंद झाल्यापासून मोठ्या आवाजाचं संगीत अकरा महिन्यांच्या करारावरच्या भाडेकरूसारखं या उपनगरातून त्या उपनगरात सामान हलवत फिरतंय. तुमच्याकडे ते जरा टिकलं. त्याबद्दल तुमचे आभार मानण्यात मला कमीपणा नाही, आणि ते मनापासून मानतो.

पण भिंत तुम्ही केलेली नव्हती. तुमची फक्त वीट आणि प्लास्टर.

पोस्टर कसं होतं, हे तुमच्या मार्केटिंगच्या मंडळींनी एकदा येऊन बघावं अशी फार इच्छा आहे. तोवर इथेच सांगतो. आधी चित्र आणि अक्षरं हाताने काढायची, ट्रेसिंग पेपरवर, गडद काळ्या शाईने. दोन रंगांचं पोस्टर असेल तर दोन ट्रेसिंग, एकेका रंगाचं वेगळं. लाकडी चौकटीवर ताणलेल्या कापडाला बायक्रोमेट घातलेलं इमल्शन (उजेड लागला की कडक होणारं द्रावण) फासायचं, तेही अंधारात, म्हणजे आमच्याकडे न्हाणीघरात, बल्बला पिवळा जिलेटिनचा कागद गुंडाळून. सुकलं की त्यावर ट्रेसिंग, वर काच, आणि गच्चीवर उन्हात. किती वेळ, ते त्या दिवसाच्या उन्हावर. मग पाण्याचा फवारा. जिथे काळ्या शाईने ऊन अडवलं तिथलं इमल्शन मऊ राहतं आणि धुऊन निघतं. त्या मोकळ्या जाळीतून शाई खाली उतरते. छापलेला प्रत्येक कागद दोरीवर चिमट्याने टांगायचा. दुसरा रंग दुसऱ्या दिवशी.

जुलै-ऑगस्टमध्ये हे करून बघा. शाई सुकता सुकत नाही, आणि हवेतला ओलावा पिऊन कागद रात्रीतून फुगतो. मग दुसरा रंग पहिल्यावर बसत नाही, सूतभर सरकतो. बँडच्या नावाला लाल सावली पडल्यासारखं दिसतं. मामा असल्या पत्रिका रद्दीत टाकायचे, वधूपित्याने पाहिलं तर पैसे कापतील म्हणून. आमच्याकडे लोक नेमकी तीच प्रत मागून घेतात. त्यांचं बरोबर आहे, असं माझं मत झालंय. तो जुलै महिना त्या कागदावर आलेला असतो.

ज्यांच्याकडे स्क्रीन नाही ते झेरॉक्सवर करतात. वर्तमानपत्रातली अक्षरं कापायची, फेव्हिकॉलने चिकटवायची, नाक्यावरच्या दुकानात ए-थ्रीवर काढायचं. झेरॉक्सवाल्याला ‘डार्क मार’ म्हटलं की तो कटकट करतो, टोनर जातो म्हणून. भिंतीवर लावायला मैद्याची खळ, तिला कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. ही कृती मला पुस्तकबांधणी करणाऱ्या एका काकांनी दिली. तुमच्या भिंतीवरचे थर इतकी वर्षं झुरळांनी खाल्ले नाहीत ते त्या मोरचुदामुळे.

हे सगळं लंडन-अमेरिकेची नक्कल आहे, असं तुमच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं असं ऐकलं. अर्धं खरं आहे. सेक्स पिस्टल्स या लंडनच्या पंक बँडचं दृश्यरूप घडवणारा जेमी रीड आधी क्रॉयडनमध्ये ‘सबर्बन प्रेस’ नावाचा छोटा छापखाना चालवायचा. खंडणीच्या चिठ्ठीसारखी कापलेली अक्षरं त्याने तिथेच वापरायला घेतली, कारण तयार अक्षरांपेक्षा कात्री स्वस्त. तिकडे कॅलिफोर्नियात ब्लॅक फ्लॅग या बँडच्या गिटारवादकाचा भाऊ रेमंड पेटिबॉन शाईने चित्रं काढायचा आणि बँडची पोरं त्यांच्या झेरॉक्स काढून विजेच्या खांबांवर चिकटवायची. त्यातले किती कागद पावसाने गेले असतील कोण जाणे. आज पेटिबॉनची चित्रं न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आहेत. इंग्लंडात क्रास या बँडची चित्रकार ‘जी वॉशर’ (Gee Vaucher), मँचेस्टरची लिंडर, कात्री-डिंकवाल्या अशा कितीतरी. आम्ही त्यांच्याकडून शिकलो, लपवत नाही.

पण उरलेलं अर्धं इथलंच आहे. १९५०च्या दशकात दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ यांनी याच मुंबईत ‘शब्द’ हे छोटं अनियतकालिक सायक्लोस्टाइल करून काढलं. पुढे साठच्या दशकात अशोक शहाणे, राजा ढाले, सतीश काळसेकर आणि बाकीच्यांनी लघुअनियतकालिकांचा धडाका लावला. प्रकाशकाने दार उघडायची वाट न बघता हाताला येईल ते यंत्र, मिळेल तो कागद आणि स्वतःची अक्षरं. तेव्हा लंडनमध्ये पंक नावाचं काही जन्मालाही आलं नव्हतं. ते सायक्लोस्टाइलचे अंक आता अभ्यासक शोधत फिरतात, कारण बहुतेक रद्दीत गेले. तेव्हा कुणालाच वाटलं नव्हतं की हे ठेवायचं असतं.

इतर ठिकाणी लोकांना ते निदान उशिरा तरी वाटलं. वॉशिंग्टन शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २०१४ साली तिथल्या पंकचा संग्रह सुरू केला. सरकारी ग्रंथालय, बरं का. तिथे गिगची पत्रकं, कॅसेटी, हाताने काढलेली मासिकं सगळं जपून ठेवतात. कॉर्नेल विद्यापीठाच्या ग्रंथालयात पंकची पत्रकं आहेत, आणि ब्राँक्समधल्या सुरुवातीच्या हिप-हॉप पार्ट्यांसाठी बडी एस्क्वायरने हाताने रचलेली पत्रकंही. न्यूयॉर्कचं सीबीजीबी हे पंकचं गाजलेलं ठिकाण २००६ साली बंद पडलं आणि त्या जागी कपड्यांचं महागडं दुकान आलं. त्या दुकानदारानेसुद्धा पोस्टर-स्टिकरांनी भरलेल्या भिंतींचा काही भाग तसाच ठेवला. कोट विकणाऱ्याला जे सुचलं ते गिग विकणाऱ्यांना सुचू नये?

आता तक्रारी. त्या एका मापाच्या नाहीत, त्यामुळे काहींवर जास्त बोलेन.

पहिली तक्रार निर्णयाची नाही, पद्धतीची आहे. निरोप गुरुवारी रात्री, मुदत रविवारची, काम शनिवारी. हे वरातीमागून घोडं झालं. ज्यांची पोस्टरं तिथे आहेत त्यांच्यातले निम्मे त्या ग्रुपमध्येही नाहीत. दोघं तर आता देशातच नाहीत. त्यांना कुणी विचारलं? भिंत तुमच्या मालकीची, करार तुमचा, हे कुणी नाकारत नाही. पण इतकी वर्षं तुमच्या इन्स्टाग्रामवर प्रत्येक दुसऱ्या फोटोत मागे ती भिंत आहे. पाहुणे बँड आले की तुम्हीच त्यांना तिच्यासमोर उभं करायचात. तेव्हा ती ‘आमची व्हाइब’ होती, आणि खरवडताना कचरा.

दुसरी, रस्त्याची. तुमच्याकडून असंही सुचवण्यात आलं की पोस्टरची एवढी हौस असेल तर बाहेर लावा. कुठे लावू? महाराष्ट्रात १९९५ पासून मालमत्तेचं विद्रूपीकरण रोखणारा कायदा आहे. परवानगीशिवाय भिंतीवर, खांबावर कागद चिकटवणं हा गुन्हा आहे. वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फलक चौकाचौकात त्या कायद्याकडे बघून हसत उभे असतात ही गोष्ट निराळी, त्यांचे दादा वेगळे आणि आमचं कुणी नाही. आम्ही कायदा पाळतो. कायदा पाळून पोस्टर लावायचं तर मालकाच्या परवानगीची भिंत लागते. या शहरात आम्हाला ती एकच मिळाली होती. तुम्ही ती दिली होतीत म्हणून तर हे पत्र तुम्हाला.

तिसरी तक्रार टेम्प्लेटची. नमुना आम्हाला पाठवलात, बघितला. वर पेय कंपनीचा लोगो, मध्ये तुमचा लोगो, त्याखाली तारीख, आणि चौथ्या ओळीत, सगळ्यात बारीक टायपात, बँड. मंगळवारी स्टँडअप, बुधवारी कराओके, शुक्रवारी हार्डकोर, तिन्हीला जांभळ्याकडून निळ्याकडे जाणारी तीच पार्श्वभूमी. मराठी-हिंदी नावाच्या बँडांचीही नावं रोमन लिपीत, कारण म्हणे फॉन्ट ‘ब्रँड किट’मध्ये नाही. ज्या शहरात कमल शेडगे वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातींसाठी नावं रेखाटायचे, आणि दोन इंचांच्या चौकटीतल्या नुसत्या अक्षरावरून नाटक गंभीर आहे की फार्स हे वाचकाला कळायचं, त्या शहरात हे चाललंय. शेडग्यांना जाऊन आता काही वर्षं झाली. पण प्रत्येक प्रयोगाला त्याचं स्वतःचं अक्षर असावं ही समज त्यांनी आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांत घालून ठेवली आहे. मी तरी पोस्टर त्यांच्याकडे बघतच शिकलो. पेटिबॉन नंतर आला, आधी रविवारच्या पेपरातलं नाटकाचं पान होतं.

चौथी सगळ्यात जिव्हारी लागलेली, म्हणून जरा थांबतो. गेल्या महिन्यात एका बँडच्या गिगचं पोस्टर तुम्ही एआयकडून करून परस्पर इन्स्टाग्रामवर टाकलंत. बँडचं नाव देवनागरीत आहे. पोस्टरवर शिरोरेघ झकास होती, सरळ, ठसठशीत. तिच्याखाली जे लोंबत होतं ते कुठल्याच लिपीतलं अक्षर नव्हतं. ‘ध’ला दोन पोटं. एक वेलांटी निघाली ती कान्याच्या आत शिरून गुडूप. जोडाक्षराच्या जागी मुंगळ्यासारखं काहीतरी. गिटारला सहा तारा आणि खुंट्या अकरा. बँडला हे कळलं ते त्यांच्याच चाहत्यांनी ‘नाव बदललं का रे?’ विचारल्यावर. तुम्ही ते चार तासांनी काढलंत, पण तोवर ते सगळीकडे गेलं होतं, आणि ज्या गावाहून एक बस करून पोरं येणार होती त्यांना गिग नक्की कुणाचा ते समजेना.

हे हसण्यावारी नेता आलं असतं. पण चित्रातली ती फुटकी, कोरड्या ब्रशची रेघ आणि पाठमोरा कोंबडा मला कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला. तो आमच्या जे. जे.वाल्या मुलीचा कोंबडा आहे. ती गेली काही वर्षं तो पोस्टरागणिक वाढवत आली आहे. कधी त्याला हेल्मेट असतं, कधी तो लोकलच्या दारात लटकतो. तुमच्याच एका मुलाने हसत सांगितलं की तिच्या जुन्या पोस्टरचा फोटो सॉफ्टवेअरला दिला आणि ‘असंच काहीतरी’ म्हटलं. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही, तो वयाने लहान आहे, त्याच्यावर राग नाही. पण त्याच्या वरचे तुम्ही तरी तिला एक फोन करून विचारायला हवं होतं. ती फुकट काढून देत होती हो. फुकट मिळणारी वस्तूही तुम्ही उचलून नेलीत, ती देणाऱ्या हाताला न विचारता.

पाचवी, पैशांची, थोडक्यात. ‘पोस्टरला बजेट नाही’ हे आम्ही पहिल्या दिवसापासून ऐकतोय आणि चालवून घेतलंय. एलईडी स्क्रीनला बजेट निघालं. त्या स्क्रीनच्या किमतीत आमचा कागद-शाईचा खर्च किती वर्षं निघाला असता याचा हिशेब आमच्या कॅशियर मित्राने करून ठेवला आहे. मागितलात तर पाठवेन, इथे मांडून तुम्हाला लाजवायचं नाही.

आता तुमच्या बाजूचा एक मुद्दा, जो खरा आहे. तुम्ही म्हणता, फायर ऑडिटमध्ये कागदाच्या थरांवर बोट ठेवलं गेलं. २८-२९ डिसेंबर २०१७च्या मध्यरात्री कमला मिलमधल्या पबच्या आगीत १४ माणसं गेली. त्यानंतर या शहरात आगीचं नाव काढल्यावर ‘काही होत नाही’ म्हणणारा माणूस मला भेटू नये. बोळ बाथरूमकडे जातो, लोक तिथे दाटीवाटीने उभे असतात, आणि आठ थर खळीचा कागद पेटला तर काय होईल ते सांगायला अग्निशमन अधिकारी लागत नाही. हा मुद्दा तुम्ही निरोपात लिहिला असतात तर आम्हीच ब्रश घेऊन आलो असतो. पण निरोपात लिहिलं होतं ‘क्लीन लूक’. आणि आगीसाठी भिंत उतरवायची तर उत्तर टेम्प्लेट नसतं. उत्तर असतं एकच थर, बाहेर पडायच्या वाटेपासून लांबची जागा, बंद चौकटी आणि महिन्याला पोस्टर बदलण्याची शिस्त. ही शिस्त आम्ही पाळू. लिहून देतो.

‘क्लीन लूक’वर मला काही म्हणायचं नाही. पंकच्या गिगला जाऊन आलेल्या माणसाने तो शब्द लिहिला असेल यावर माझा विश्वास नाही.

तर मागण्या:

१. उरलेली निम्मी भिंत जशी आहे तशी राहू द्या, निदान आम्ही ती सोडवून घेईपर्यंत. कागद थराथराने सुटतो, पण पाणी, स्पंज आणि सपाट पट्टी लागते, आणि घाई चालत नाही. दिवसा तुमचं ठिकाण बंद असतं, तेवढ्या वेळात करू. प्रत्येक थराचा काढण्याआधी फोटो घेऊ आणि फोटोंचा एक संच तुम्हाला देऊ.

२. गोण्या फेकू नका. त्या अजून मागच्या जिन्याखाली आहेत हे मी पाहिलंय. ओला कागद कोंबलेला राहिला तर बुरशी धरेल, तेव्हा आजच उघडून पसरा. शक्य नसेल तर आम्हाला न्यायला द्या.

३. दुसरी एक भिंत द्या. बोळातली नको, दाराजवळच्या तिकीट खिडकीच्या बाजूची चालेल. बंद काचेच्या किंवा ॲक्रिलिकच्या चौकटी, एका वेळी एकाच महिन्याची पोस्टरं. चौकटींचा खर्च निम्मा आम्ही वर्गणीने उभा करतो. गणेशोत्सवाची वर्गणी काढून काढून हात सरावलेले आहेत.

४. स्वतःचं पोस्टर कसं असावं हे बँड ठरवेल. ज्यांना तुमची टेम्प्लेट हवी त्यांनी खुशाल घ्यावी. ज्यांना नको त्यांच्यावर ती लादू नये, आणि त्यासाठी त्यांचा स्लॉट मागे-पुढे करू नये. प्रायोजकाचा लोगो असेल, आमचा विरोध नाही, पण तो बँडच्या नावापेक्षा मोठा असू नये.

५. बँडच्या नावाने एआयचं चित्र बँडला दाखवल्याशिवाय बाहेर जाऊ नये. कुठल्याही हयात चित्रकाराचं काम सॉफ्टवेअरला ‘असंच कर’ म्हणून देऊ नये. आणि त्या मुलीला लेखी दिलगिरी पाठवा. ती मागणार नाही, म्हणून मी मागतोय.

६. देवनागरी नाव देवनागरीतच छापा. फॉन्ट नसेल तर कळवा, हाताने काढून देतो.

७. ज्या गिगला तिकीट आहे त्या गिगच्या हिशेबात पोस्टरचा कागद आणि शाई ही एक ओळ असावी. मजुरी तूर्त मागत नाही. पोस्टरच्या कोपऱ्यात करणाऱ्याचं नाव, आणि तुमच्या इन्स्टाग्रामवरही.

८. प्रत्येक पोस्टरची एक प्रत बाजूला काढून सपाट ठेवायला एक खण द्या. लोखंडी कपाटातला एकच खण. कुठलंतरी ग्रंथालय किंवा कलासंस्था एक दिवस हे मागेल असं मला वाटतं. नाही मागितलं तरी खणच अडेल.

एवढंच. यातलं काहीही तुमचा धंदा बुडवणारं नाही. उलट ज्या पोरांच्या जिवावर तुमच्या शुक्रवारच्या रात्री भरतात, ती पोरं दारातून आत आल्यावर आधी भिंत बघायची आणि मग बारकडे वळायची. तुम्ही हे माझ्यापेक्षा जवळून पाहिलेलं आहे.

पुढच्या महिन्यातल्या पहिल्या गिगआधी लेखी उत्तर द्या, ग्रुपवर दिलंत तरी चालेल. ज्या बँडांनी या पत्राला पाठिंबा दिला आहे त्यांची नावं मी इथे टाकत नाही, कारण तारखा तुमच्या हातात आहेत आणि मला त्यांच्यावर ओझं टाकायचं नाही. त्यांनी ठरवलंय की तोवर त्यांच्या गिगची पोस्टरं ते दारात उभं राहून हातात वाटतील. ते थांबवायला तुमच्याकडे नियम नाही, आणि कृपया करूही नका.

उरलेल्या भिंतीसाठी शिडी आमच्याकडे आहे. पाण्याचा नळ सकाळी किती वाजता येतो तेवढं कळवा.

आपला,
एक पोस्टरवाला
गिरगाव, मुंबई